कोरड्या कागदावरची मोजणी

आजारी माणसाशी गोड बोलायची या घरात कोणालाच सवय नव्हती. त्यामुळे गेल्या आठवड्यात सगळे एकदम गोड बोलायला लागले, तेव्हा आक्काच्या मनात पाल चुकचुकली. वहिनी सफरचंद सोलून, फोडी करून ताटलीत घालून वर आणून द्यायला लागली. याच वहिनीने लग्न होऊन आल्यापासून नणंदेला आपणहून कधी पाण्याचा पेलाही दिला नव्हता. भाऊ दुकान बंद करताना रोज 'आक्का, दमलीस का?' असं विचारू लागला. आणि पन्नाशी उलटली तरी ज्याला घरात बाळच म्हणत, त्या धाकट्याने आक्काशी वाद घालणं सोडून दिलं. दुसऱ्या कोणाला यात माया दिसली असती. आक्का बियाण्यांच्या धंद्यात वाढली होती. पोत्यातला माल वरून चकचकीत दिसला की ती आधी तळाला हात घालून बघे.

काल डॉक्टरांनी तिला समोर बसवून, आवाज खाली आणून सगळं सांगितलं. ऐकताना तिला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे आपलं काही खरं नाही. आणि दुसरी, हे घरातल्यांना आधीच माहीत होतं. पहिलीचं काय करायचं ते तिला सुचेना. दुसरीचं तिला लगेच सुचलं. आज दुपारी तिने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायला लावलं आणि सगळ्यांना वर, तपासणीच्या खोलीत बोलावलं.

खोली लहान होती आणि तिला कायम ओल्या कागदाचा वास येई. एका भिंतीला उबदार कपाट, त्यात ट्रे, ट्रेमध्ये उभ्या ठेवलेल्या कागदाच्या गुंडाळ्या. प्रत्येक गुंडाळीत एकेका पोत्याचा नमुना ओळीने मांडून भिजवलेला. काही दिवसांनी गुंडाळी उलगडायची, धड कोंब किती आले, वाकडे किती, कुजले किती, ते मोजायचं. खिडकीपाशी मोजणीचं टेबल आणि एक उंच स्टूल होतं. त्या स्टुलावर जो बसेल तो ठरवणार कुठलं पोतं दुकानात जायचं आणि कुठलं बाहेर. बाकीच्यांनी फक्त वजन करायचं आणि गिऱ्हाइकाशी हसायचं. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यावर त्या स्टुलासाठी भाऊ आणि बाळ आयुष्यात पहिल्यांदा एक झाले होते आणि तरीही आक्काकडून हरले होते. तेव्हापासून दोघे पुन्हा एकमेकांवर घसरले होते आणि घरात शांतता होती.

"बसा," आक्का म्हणाली. ती स्वतः स्टुलावर बसली. मानेवरची गाठ आता लपत नव्हती आणि ती लपवतही नव्हती. "सुतकी चेहरे नकोत. मला काल कळलं. तुम्हाला कधी कळलं?"

"काय कळलं?" वहिनी म्हणाली.

"अगं, मला दूधखुळी समजतेस का? सफरचंद कुठून आलं?"

वहिनीने भाऊकडे पाहिलं, भाऊने बाळकडे पाहिलं, आणि बाळने, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, थेट पुतणीकडे बोट केलं. "चिमीने सांगितलं. आम्ही काय विचारायला गेलो होतो?"

चिमी म्हणजे भाऊ-वहिनीची मुलगी. गाठीचा तुकडा ज्या प्रयोगशाळेत गेला होता तिथेच ती नोकरीला होती. घरच्या माणसाचा नमुना आला तर तो आपण हाताळायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा, हा तिथला साधा नियम. चिमीने नमुना दुसऱ्याकडे दिला होता. पण निकाल पडद्यावर दिसला तेव्हा तिने मान वळवली नव्हती. आणि मग ज्या आत्याने तिला शिकायला धाडलं, तिला सांगायच्या आधी तिने आईला फोन केला. आईला सांगितलेली गोष्ट गुप्त राहते असं तिला वाटलं असेल तर तिचं शिक्षण फुकट गेलं म्हणायचं.

"आत्या, माझं चुकलं," चिमी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मला राहवलं नाही. रडायला कोणीतरी हवं होतं."

"रडायला आई सापडली तुला! बरं, ते राहू दे. आता तू शिकलेली आहेस, तर या सगळ्यांना नीट सांग. डॉक्टरांचं मला अर्धंच कळलं, आणि हे अर्ध्यावरून पूर्ण करून मोकळे झालेत."

चिमीने सांगायला सुरुवात केली. आत्याला झालाय तो लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. झपाट्याने वाढणारा. सूक्ष्मदर्शकाखाली अशा सगळ्या रुग्णांच्या गाठी सारख्याच दिसतात. मात्र एकाच औषधाने एक खडखडीत बरा होतो आणि दुसऱ्याचा रोग उलटून येतो. म्हणून आता गाठीच्या पेशींमधली जनुकं बघतात. कुठली कामाला लागलीत, कुठली गप्प आहेत. त्यावरून दोन मुख्य प्रकार पडतात. एक औषधाला बरी दाद देतो. दुसरा तितकी देत नाही.

"आणि आक्काचा दुसरा," भाऊ म्हणाला.

"हो."

"जनुकं म्हणजे घराण्यातूनच आलेली ना?" वहिनीने पदर सावरला. "आमच्या माहेरी असलं काही नाही हो. कोणालाच नाही. मी फक्त सांगितलं."

"आमच्या अण्णांकडेही नव्हतं," बाळ लगेच म्हणाला. "आईकडचं असेल. मामाला नव्हता का गळ्याला काहीतरी?"

"मामाला दाढेचं दुखणं होतं," आक्का म्हणाली.

"आई, हे कोणाकडून आलेलं नाही," चिमी म्हणाली. "गाठीतल्या पेशींनी जो धुमाकूळ घातलाय त्याबद्दल आहे हे. कुणाच्या माहेराचा काही संबंध नाही."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. नणंदेच्या मानेत काय वाढतंय यापेक्षा ते आपल्या पोरीच्या मानेत उतरणार का, हीच चिंता तिला आठवडाभर खात होती. आई म्हणून त्यात काही गैर नव्हतं. पण चिंता मिटल्यावर तिने ज्या झपाट्याने ओढलेला चेहरा सैल सोडला तो पाहून आक्काला हसू आलं.

"आता माझं ऐका," आक्का म्हणाली. "डॉक्टर म्हणतात परवापासून औषध सुरू. सलाइनमधून. मग तीन आठवड्यांनी पुन्हा, असं काही महिने. केस जाणार, तोंड येणार, ताप आला की धावपळ. खाट धरून ठेवलीय त्यांनी. मी रात्रभर विचार केला. मी जाणार नाही."

बाळने भाऊकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"अण्णांनी या टेबलावर मला काय शिकवलं? नमुना नापास, तर पोतं बाहेर. मग ते कोणाचंही असो. आजवर माल विकायला आलेले किती लोक इथे रडले, 'ताई, एवढं एकच घ्या.' घेतलं का मी? नाही. आता माझा नमुना नापास आला. मी स्वतःसाठी वेगळा नियम लावू? लोक तोंडात शेण घालतील."

तिने हे अगदी ताठ बसून सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटावं, काय ही बाई, काय तिचं तत्त्व. खरं तर ती भ्यायली होती. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई बसली होती, डोक्याला रुमाल, हातावर सुयांचे काळे डाग, आणि ती बाई आक्काकडे बघून ओळखीचं हसली होती. त्या हसण्यापासून आक्का पळत होती. अण्णांचा नियम वाटेत सापडला म्हणून तिने तो अंगावर ओढून घेतला होता.

"आक्का, असं काय बोलतेस," भाऊ म्हणाला. मग त्याने जरा थांबून, घसा साफ करून पुढचं वाक्य काढलं. "पण तुझ्या मनाविरुद्ध आम्ही जाणार नाही. जिवाचे हाल करून काय मिळवायचं? शेवटी शांतता महत्त्वाची."

"अगदी खरं बोललात," वहिनी म्हणाली. "आक्का, तुम्ही आयुष्यभर सगळ्यांसाठी झिजलात. तुमच्यासारखं माणूस आता होणार नाही."

"मेलेल्या म्हशीला मणभर दूध," आक्का म्हणाली. "थोडी थांब की. अजून शिंगं हलतायत."

पण वहिनी कुठली थांबतेय! ती पदर खोचत जिन्यात गेली. हॉस्पिटलचा नंबर तिच्याकडे होता, कारण आठवडाभर सगळी काळजी तिनेच वाहिली होती. उगाच कोणाची खाट अडवून ठेवणं बरं नव्हे, असा विचार तिने केला आणि तो तिला फार थोर वाटला. सुंठीवाचून खोकला चालला होता. सलाइन नको, डबे नकोत, हॉस्पिटलातली जागरणं नकोत. फोन लागला तेव्हा तिचा आवाज दुःखाने इतका भरून आला की पलीकडच्या माणसाने तिचीच विचारपूस केली.

इकडे खोलीत भाऊ उठून खिडकीपाशी आला होता. त्याने टेबलावरून हात फिरवला. "कपाट जुनं झालंय," तो म्हणाला. "हंगामाच्या आधी बदलायला हवं. म्हणजे, तू असतानाच ठरवलेलं बरं."

"कोणी ठरवायचं?" बाळ ताडकन म्हणाला.

"मी मोठा आहे."

"मोठा आहेस, पण तुला मोजता येतं का? कोंब वाकडा की सरळ, ते कळायला चष्मा बदलून घे आधी. आक्का, हे काही मला पटत नाही. तू औषध घ्यायलाच पाहिजे. प्रयत्न सोडायचा नाही. माणसाने लढलं पाहिजे!"

आठवडाभर जो 'आता देवावर हवाला' म्हणत होता, त्याच्या तोंडी हे ऐकून आक्काने त्याच्याकडे निरखून पाहिलं. बाळचं गणित उघड होतं. आक्का आज गेली तर स्टूल भाऊचं. आक्का हंगामभर टिकली तर मधल्या काळात तिच्या शेजारी बसून मोजणी शिकता येईल, आणि मग बघू. त्याला आक्का हवी होती, पण हंगामापुरती. बाजारात तुरी म्हणतात त्यातली गत. बहीण समोर जिवंत बसली होती आणि दोघे तिच्या बुडाखालचं स्टूल ओढत होते.

"बाळ, तुझं प्रेम मला माहीत आहे," आक्का म्हणाली. "लहानपणी माझा ताप उतरावा म्हणून तू रडायचास. कारण ताप असला की तुझा अभ्यास कोण करणार?"

"आक्का!"

"गप्प बसा दोघे," चिमी म्हणाली.

ती इतका वेळ कपाटाला टेकून उभी होती. बापाला आणि काकाला ती असं कधी बोलली नव्हती. तिला आईचा जिन्यातला आवाज ऐकू येत होता आणि आपण त्या फोनला कारण झालो हे तिला पुरतं कळलं होतं. गेला आठवडाभर ती घरच्यांच्या बाजूने होती. सगळे म्हणत होते, 'सांगू नकोस, शांतपणे जाऊ दे,' आणि त्या शांतपणाची तिलाही सोय होती. आता तिला स्वतःची शिसारी आली.

"आत्या, तू नमुना म्हणतेस. एक विचारते. उगवण मोजताना कागद कसा असतो?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांग ना."

"ओला असतो. आणखी कसा असणार?"

"आणि कोरडा ठेवला तर?"

"कोरड्यावर काय उगवणार, डोंबल? उत्तमातलं उत्तम बी ठेव, शंभरात एक उगवायचं नाही." आक्का वैतागली. "मला शिकवतेस?"

"मग डॉक्टरांनी तुला जो आकडा सांगितला, या प्रकारातले इतके बरे होतात आणि इतके नाही, तो आकडा कोणाचा? ज्यांनी औषध घेतलं त्यांचा. सगळ्यांना पाणी घातलं, मग मोजलं. तुझ्या प्रकारात कोंब कमी आले, हे खरं. पण आले. तू आकडा त्यांचा घेतलास आणि पाणी घालायचंच नाही म्हणतेस. औषध न घेणाऱ्याला तो आकडा लागूच नाही गं. त्याला आकडा नसतोच."

आक्काने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"आणि पोतं आपण बाहेर काढतो ते गिऱ्हाइकाला दुसरं देता येतं म्हणून," चिमी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मला दुसरी आत्या कुठून देणार आहेस?"

आक्काने समोरच्या ट्रेकडे पाहिलं. आयुष्यभर ती नवशिक्यांना याच टेबलापाशी झापत आली होती. कोणी कागद सुकू दिला, गुंडाळीत पाणी कमी पडलं, तर ती अख्खी मोजणी केरात टाकायला लावी. 'पाणी न घालता बियाला नावं ठेवता? लाज वाटत नाही?' असं ओरडे. आणि स्वतःच्या जिवाची मोजणी तिने कोरड्या कागदावर करून टाकली होती, वर अण्णांचं नाव लावलं होतं. तिला इतका राग आला की क्षणभर भीतीसुद्धा मागे पडली.

"मूर्ख," ती म्हणाली.

"कोण, मी?" भाऊने विचारलं.

"तूही. पण आत्ता मी." तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "पहिल्या दिवशी शिकायला आलेलं पोर करणार नाही ती चूक केली मी. आणि तुम्ही दोघे अण्णांचे मुलगे. याच खोलीत वाढलात. एकालाही सुचलं नाही? का सुचलं, पण सोयीचं नव्हतं?"

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. बाळने मान डोलावली, जणू त्याला सुचलंच होतं.

"परवा मी जाणार," आक्का म्हणाली. "सलाइन लावून घेणार. बरी होईन की नाही ते नंतर मोजू."

तेवढ्यात वहिनी जिन्यातून वर आली. एक पुण्यकर्म उरकल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं. "काळजी करू नका आक्का, कळवून टाकलं मी. फार भले लोक आहेत. लगेच म्हणाले, बरं झालं सांगितलंत, दुसरा एक पेशंट थांबलाय, त्याला देतो."

"काय देतो?" चिमीने विचारलं.

"खाट."

सगळे एकदम बोलायला लागले. बाळ वहिनीवर ओरडला, वहिनी म्हणाली मी तर आक्कांच्याच शब्दावर गेले, चिमी म्हणाली आई तुला इतकी घाई कशाची होती, आणि वहिनी रडायला लागली, या वेळी खरंखुरं. आक्काने त्या तिघांकडे पाहिलं नाही. ती भाऊकडे पाहत होती.

"लाव फोन," ती म्हणाली.

"मी?"

"तूच. मघाशी म्हणालास ना, मी मोठा आहे?"

भाऊने आयुष्यात कोणापुढे हात पसरले नव्हते. दुकानात तो गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायला पटाईत होता. त्याने फोन लावला, नाव सांगितलं, चूक झाली म्हणाला, आणि पलीकडून जे उत्तर आलं ते ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"दोन आठवड्यांनी या म्हणतात," तो फोनवर हात ठेवून म्हणाला. "आता खाटच नाही."

"दोन आठवडे नाही थांबता येणार, बाबा," चिमी म्हणाली. "ही गाठ थांबणारी नाही."

भाऊने फोन पुन्हा कानाला लावला. "अहो, दोन आठवडे नाही चालणार. नाही, तुम्ही ऐका. तिचा प्रकार वाईट आहे. हो, निकाल आलाय, तुमच्याच डॉक्टरांकडे आहे. जनुकांवरून निघालाय, वाईट प्रकार आहे." पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला असावा, कारण भाऊचा आवाज चढला. "वाईट आहे म्हणून काय विचारता? वाईट आहे म्हणूनच तर लवकर पाहिजे! चांगला असता तर थांबलो असतो. जमिनीवर झोपवा तिला, खुर्चीत बसवा, पण सुरू करा. माझी बहीण आहे हो ती."

हे शेवटचं तो इतक्या जोरात म्हणाला की खाली रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी मान वर करून पाहिलं. भाऊ स्वतःच दचकला. आठवडाभर 'वाईट प्रकार आहे' हेच वाक्य त्याने जिन्यात, दुकानात, जेवताना किती वेळा उच्चारलं होतं, आणि दर वेळी त्यापुढे एक उसासा टाकून तो गप्प बसला होता. त्याच वाक्याच्या पुढे असंही काही म्हणता येतं हे त्याला आत्ता, परक्या माणसाशी भांडताना कळलं.

"काय म्हणाले?" आक्काने विचारलं.

"थांबा म्हणाले. डॉक्टरांना विचारून येतो म्हणाले."

तो फोन कानाशी धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. इतर वेळी आक्काने यावर काहीतरी सणसणीत सुनावलं असतं. तिच्या जिभेवर आलंही होतं. पण तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"भाऊ, मला फार भीती वाटतेय रे. मला मरायचं नाहीये."

भाऊने मान हलवली. बोलता येत नव्हतं, पलीकडून कोणी आलं आणि आपलं लक्ष नसलं तर काय, या धास्तीने त्याने फोन कानात रुतवून धरला होता. तो तसाच दोन पावलं सरकला आणि दुसरा हात त्याने बहिणीच्या डोक्यावर ठेवला. तिने तो झटकला नाही. फोनमध्ये थांबा, थांबा असं वाजत राहिलं, आणि तो थांबला.